ठाणेदाराची शिकार

"कडी लावली म्हनतात. लावली असती तं ते पाखरू काय चावी बनवून निघून गेलं?"

पायल हे कोणाला ऐकू जावं म्हणून बोलत नव्हती. पण न्हाणीची भिंत टिनाची, आणि टिनाच्या पलीकडे धर्मपाल डोक्याला साबण लावून, डोळे घट्ट मिटून बसलेला. शब्द न् शब्द आत आला. त्यानं तांब्या बादलीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला. पाणी ओतलं असतं तर आवाज झाला असता, आणि आपण आत आहोत हे सुनेला कळलं असतं.

"सहा माद्या अन् एक नर," पायल झाडूशी बोलत होती. "माद्या अंड्यावर आल्या अन् नर फरार. आता ते अंडे काय मी उबवू?"

धर्मपालच्या डोळ्यांत साबण गेला. ते बरंच झालं, कारण बाहेर आल्यावर डोळे लाल का आहेत हे कोणी विचारलं तर सांगायला कारण होतं.

पायलनं दोन वर्षांपूर्वी टर्की पाळायला घेतल्या तेव्हा अख्खं वलगाव बघून गेलं होतं. कोंबडी म्हणावी तर आकार बकरीच्या पिल्लाएवढा, गिधाड म्हणावं तर तोंडावर एवढा शहाणपणा नाही. नर तर विचारूच नका. दिवसभर छाती पुढे काढून, शेपटीचा पंखा करून, गळ्याखालची लाल पिशवी हलवत फिरायचा, आणि कोणाचं काहीही ऐकून घ्यायचा नाही. गावानं त्याचं नाव ठाणेदार ठेवलं ते उगाच नाही.

तर हा ठाणेदार आदल्या संध्याकाळी खुराड्यातून निघून गेला होता. कडी धर्मपालनंच उघडी ठेवली होती. आता तो त्या वेळी खुराड्यात काय करत होता, हे त्यानं कोणालाच सांगितलं नव्हतं, आणि सांगण्यासारखं नव्हतंही. तो तिथं बोलायची तालीम करत होता.

गोष्ट अशी की, गावात ज्ञानदीप गीत मंडळ. दरवर्षी फुले-आंबेडकर जयंतीला ते गातं. पायल पेटी वाजवते, गाणी लिहिते, चाली लावते. धर्मपाल रेल्वेत होता तेव्हापासून ढोलकी वाजवतो. बडनेऱ्याला पॉइंट्समनची ड्यूटी करून यायचा आणि हात न धुता ढोलकीवर बसायचा. आणि कोरसमध्ये, सगळ्यांत पुढे, सगळ्यांत उंच आवाजात गातो तो किसनराव. झेंडूवाला, भेंडीवाला, धर्मपालचा पहिलीपासूनचा दोस्त.

किसनरावाला गाता येत नाही. हे वलगावातल्या माणसांना ठाऊक आहे, आणि वाऱ्याची दिशा बरोबर असली तर पुढच्या गावालाही. सूर वर गेला की किसनराव खाली जातो, सूर खाली आला की तो वर वाट बघत उभा असतो. पण कोणी कधी बोललं नाही. बोलणार कसं? तीस-बत्तीस वर्षांपूर्वी मंडळ निघालं तेव्हा माळ्यांच्या गल्लीतून एकटा किसन आला होता. घरच्यांनी नको म्हटलं तरी आला. येताना टोपलंभर झेंडू आणला, फोटोंना हार घातले आणि माईक धरला. अशा माणसाच्या हातातून माईक कोण काढून घेणार? लोकांनी दुसरी युक्ती केली. किसनरावाचा माईक वेगळा ठेवला, पिवळ्या टोपीचा. त्याची वायर मागे जाते आणि सतरंजीखाली संपते. बत्तीस वर्षं झाली, मंडपवाला बदलला तरी पहिला दुसऱ्याला हे सांगून जातो.

यंदा मात्र मंडळाला अकोल्याच्या स्पर्धेचं बोलावणं आलं. तिथं माईक त्यांचे, वायरी त्यांच्या, आणि परीक्षक पाच हातांवर. यादीत आठच नावं. पायलनं आठ नावं लिहिली, त्यांत किसनकाका नव्हते. मंडळातल्या सगळ्यांनी माना हलवल्या, आणि मग सगळ्यांनी मिळून धर्मपालकडे पाहिलं.

त्याला आता आठ दिवस झाले होते. आठ दिवस धर्मपाल संध्याकाळी खुराड्यात जाऊन टर्कींसमोर बसायचा. "किसन, गड्या, राग मानू नोको," अशी सुरुवात करायचा, ठाणेदार मान वाकडी करून ऐकायचा आणि नेमक्या जागी गुडगुडगुड करायचा. काल वाक्य अगदी जमत आलं होतं. तेवढ्यात गल्लीतून खुद्द किसनरावाची हाक आली, "धर्म्या, हायेस का घरी?" चोरी पकडल्यासारखा धर्मपाल बाहेर पळाला. कडी राहिली.

"मामाजी," तो न्हाणीतून निघाला तशी पायल म्हणाली. आता ती झाडूशी नाही, सरळ त्याच्याशी बोलत होती, आणि त्याला झाडूशी बोललेलंच जास्त बरं वाटलं होतं. "दोन कामं हायेत. ठानेदार घेऊन या. अन् किसनकाकाले सांगा. पाच वाजता मले यादी पाठवाची हाय अकोल्याले."

"दोनीबी आजच?"

"तुमीच सांगतो म्हनले होते."

"मी नाही म्हनलं. तुमी सारे माह्याकडे पाहून राहिले होते."

"तेच ते," पायल म्हणाली.

एवढ्यात फाटक वाजलं आणि किसनराव आत आला. जावयानं दिलेली खाकी टोपी, गळ्यात दुर्बिणीसारखा लोंबणारा पाण्याचा थर्मास, एका हातात डालं, दुसऱ्या हातात बायकोचं, सत्यभामावहिनीचं, जुनं हिरवं लुगडं.

"चाल धर्म्या! गुराखी बंडूनं पाह्यलं त्याले. पेढी नदीच्या काठी, माह्या वावराच्या पल्याड, पळसाखाली उभा होता म्हने. शिकारीले जाऊन राहिलो आपन!"

"शिकार नाही काका," पायल घाबरून म्हणाली, "जित्ता पायजे तो मले."

"जित्ताच आनतो बाई. माह्या आज्यानं खुरप्यानं बिबट हाकलला होता. हे तं कोंबडं हाय."

धर्मपालनं ड्यूटीवरची शिट्टी खिशात टाकली आणि लाल-हिरवी झेंडी काखेत घेतली. कशाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. पण बाहेर पडताना हातात झेंडी असली की त्याला धीर यायचा.

रस्त्याला लागल्यावर त्यानं ठरवलं, पुलापर्यंत सांगून टाकायचं. पुलापर्यंत किसनराव झेंडूचा भाव सांगत होता. मग त्यानं ठरवलं, वडापर्यंत. वडाजवळ किसनराव थांबला आणि म्हणाला, "धर्म्या, एक सांगू? कोनाले बोलू नोको."

"अकोल्यासाठी नवा कुर्ता शिवला मी. पांढरा. सत्यभामाले मालूम नाही. टेलरकडेच ठेवला हाय."

"चांगलं केलं," धर्मपाल म्हणाला, आणि वड मागे राहिला.

चैत्र लागायला आला होता. गहू निघून गेलेली वावरं उघडी पडली होती, आणि काठावरचे पळस असे पेटले होते की बघणाऱ्याला उन्हाळा कोणी मुद्दाम पेटवला असं वाटावं. आठ वाजले नव्हते तरी पाठीला चटका बसत होता. किसनरावाच्या वावराच्या बांधावर पऱ्हाट्यांची, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांची, मोठी गंजी रचलेली होती. दोघं तिच्याआड बसले.

ठाणेदार होता. पळसाखाली, दीडेकशे पावलांवर, लाल फुलांच्या सड्यावर असा उभा होता जणू त्या फुलांचा पंचनामा करायला आलाय.

धर्मपालनं शिट्टी फुंकली. ह्या शिट्टीवर त्यानं मालगाड्या थांबवल्या होत्या. ठाणेदारानं ढुंकून पाहिलं नाही. मग धर्मपालनं उभं राहून लाल झेंडी दाखवली. ठाणेदार शांतपणे पाठ फिरवून पलीकडच्या बाभळींकडे चालू लागला.

"सिग्नल तोडला त्यानं," किसनराव म्हणाला. "आता ज्वारी टाक."

ज्वारी टाकली. ज्वारी चिमण्यांनी खाल्ली. मग किसनराव म्हणाला, आपण दोन बाजूंनी जाऊ. दोन बाजूंनी गेले. धर्मपाल काटेरी झुडपाला वळसा घालून वाकत वाकत पुढे सरकला, पलीकडे काहीतरी हललं, त्यानं लुगडं फेकलं आणि अंग टाकलं.

"अबे मी होये!" लुगड्यातून आवाज आला. "भैताडा, टोपी दिसत नाही का?"

"खाली वाकून काहून चालून राहिला मंग?"

"शिकार करून राहिलो ना बे!"

तोवर ठाणेदार आणखी शंभर पावलं गेला. दोघं घामाघूम होऊन परत पऱ्हाट्यांच्या सावलीला आले. थर्मासमधलं पाणी पिऊन झालं. आता बोलायची वेळ होती. आजूबाजूला कोणी नाही, दोस्त शेजारी, सावली बरी. धर्मपालनं घसा साफ केला.

"किसन, गड्या..."

त्याचा फोन वाजला. अकोल्याहून दुर्गाबाई, त्याची बायको. ती चार दिवस बहिणीकडे गेली होती. तिचा आवाज फोनशिवायही पेढीच्या काठापर्यंत आला असता.

"सांगतलं का त्याले?"

"हो हो, सांगतो ना," धर्मपालनं फोन कानात खुपसला.

"आठ दिवस झाले सांगतो सांगतो करून राहिले! तोंडात काय बोळा कोंबला का तुमच्या?"

"रेंज नाही इथं," असं म्हणून त्यानं फोन बंद केला.

"काय सांगाचं हाय?" किसनरावानं विचारलं. "कोनाले?"

"पानवाल्याले," धर्मपाल म्हणाला. "ती म्हनते, मले उधार देऊ नोको म्हनून सांगा त्याले."

किसनरावानं त्याच्याकडे पाहिलं. पण त्याला खोटं ओळखायची सवय नव्हती. तसं असतं तर बत्तीस वर्षांत त्यानं एकदा तरी सतरंजी उचलून पाहिली असती. तो पाय पसरून बसला, टोपी डोळ्यांवर ओढली, आणि रिकामा वेळ मिळाला की करायचा तेच त्यानं केलं. गायला लागला. पायलनं स्पर्धेसाठी लिहिलेलं गाणं:

"पाटी घेतली, दार उघडलं, साऊची लेक निघालीऽऽ गं..."

"निघाली"वर चाल वर चढते. पायल तिथं अशी चढते की ऐकणाऱ्याचा श्वास अडतो. किसनराव चढला तेव्हाही धर्मपालचा श्वास अडला. गंजीवरचा कावळा उडाला. आणि दूर बाभळींतून उत्तर आलं.

"गुडगुडगुडगुड!"

किसनरावानं टोपी डोळ्यांवरून वर केली.

"पुन्हा म्हन," धर्मपाल कुजबुजला.

"निघालीऽऽऽ गं!"

"गुडगुडगुडगुडगुड!" आता जवळून.

पायलनं एकदा सांगितलं होतं, ते धर्मपालला आठवलं. ह्या दिवसांत नराला दुसऱ्या नराचं ओरडणं ऐकू आलं की त्याचं डोकं फिरतं. माझ्या हद्दीत हा कोण, म्हणून तो ओरडत, भांडायला चालून येतो. पण किसनरावाचा चेहरा असा उजळला होता की हे त्याला सांगायची धर्मपालची छाती झाली नाही. सांगायच्या गोष्टी आता दोन झाल्या.

"गानं समजते त्याले!" किसनराव म्हणाला. "मुकं जनावर बापा, पन पाह्य, गान्यावर येऊन राहिलं!"

"येऊन राहिलं खरं. म्हनत राह्य. थांबू नोको."

मग वलगावच्या शिवारात त्या सकाळी जी मैफल झाली तशी पुन्हा होणार नाही. किसनराव पऱ्हाट्यांआड मांडी घालून, एक हात कानावर ठेवून गात होता. आज त्याला कोणी हळूच चिमटा काढत नव्हतं, कोणी ढोलकी जोरात वाजवून त्याला झाकत नव्हतं. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा तो पूर्ण ऐकू येत होता. शेजारच्या वावरातला गडी पाण्याची मोटर बंद करून पळत आला, कोणाला साप चावला का पाहायला. धर्मपालनं त्याला हिरवी झेंडी दाखवून परत पाठवलं.

आणि ठाणेदार येत होता. पंखांची टोकं जमिनीवर घासत, शेपटीचा पंखा पूर्ण उघडून, पाच पावलं चालून थांबत, ऐकून संतापत, पुन्हा चालत. त्याचं डोकं आधी निळं झालं, मग पांढरं, मग लाल. धर्मपाल लुगडं धरून पालथा पडला होता, पोटाखाली मुंग्यांचं वारूळ होतं, पण तो हलला नाही. वीस पावलं. दहा पावलं.

"वर घे," तो कुजबुजला. "अजून वर."

"यापेक्षा वर?"

"तुले जमते!"

बत्तीस वर्षांत किसनरावाला गाण्याबद्दल कोणी असं म्हटलं नव्हतं. त्यानं डोळे मिटले, छाती भरून घेतली आणि "निघाली" अशी सोडली की ती खरोखरच निघून गेली, सूर-ताल-चाल सगळं मागे टाकून. ठाणेदाराला ते सहन झालं नाही. त्यानं पऱ्हाट्यांवरून उडी घेतली आणि तो थेट किसनरावाच्या टोपीवर उतरला.

पुढचं भराभर झालं. टोपी गेली. कान चोचीत सापडला. किसनराव ओरडला, तेही त्याच सुरात. धर्मपालनं लुगडं फेकलं, त्याच्यावर स्वतःला फेकलं, आणि थोडा वेळ त्या हिरव्या लुगड्यात कोण कोणाला धरून आहे ते कळत नव्हतं. शेवटी एका बाजूनं किसनरावाचं डोकं निघालं, दुसऱ्या बाजूनं ठाणेदाराचं. दोघंही लाल. दोघंही चिडलेले.

"धरला!" धर्मपाल ओरडला.

"मलेच धरून राहिला तू! पाय सोड माह्या!"

परत येताना गावानं पाहिलं ते असं. पुढे धर्मपाल, डोक्यावर डालं, खांद्यावर झेंडी. मागे किसनराव, छातीशी हिरव्या लुगड्यात गुंडाळलेला ठाणेदार, बाळंतीण दवाखान्यातून घरी यावी तसा. एका कानावरून रक्ताची रेघ आणि तोंडावर हसू मावत नाही.

"कसा धरला हो किसनराव?" चक्कीवरून कोणी विचारलं.

"गाऊन!" किसनराव म्हणाला.

चक्कीवरच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. "असंल," एकजण म्हणाला. "असंल बापा."

रस्ताभर किसनराव बोलत होता. "धर्म्या, मले आज समजलं. माह्या आवाजात कायतरी हाय. पाखराले वळवलं, तं परीक्षकाले नाही वळवता येनार? मी पायलले म्हनतो, 'निघाली' मी एकटाच घेतो. तुमी सारे थांबा तिथं." तो हसला. "खरं सांगू? मले कधी कधी वाटे, तुमी लोक मले दोस्ती म्हनून सांगाती घेता. आज वाटून नाही राहिलं."

धर्मपालनं झेंडी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. वडाची सावली आली आणि गेली. पूल आला आणि गेला. पुलाखालून पाणी नव्हतंच.

घरी पायल आणि सत्यभामावहिनी अंगणात उभ्या होत्या. ठाणेदार खुराड्यात सुटला, सहा माद्यांसमोरून एक फेरी मारून आला, जणू बदली रद्द करून आणली. पायलनं कडी लावली, ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली. मग चहा आला. सत्यभामावहिनीनं नवऱ्याचा कान पाहिला आणि "इतका ओढला?" म्हणून घरात हळद आणायला गेली. तिच्या हातून वाटी धर्मपालनं घेतली. किसनराव बाजेवर बसला, धर्मपाल त्याच्या शेजारी, आणि एका हातानं कान धरून दुसऱ्या हाताच्या बोटानं हळद लावू लागला.

"पायल," किसनराव मान न हलवता म्हणाला, "यादी पाठवली का वो अकोल्याले?"

"पाच वाजता पाठवाची हाय काका."

"माह्य नाव पह्यलं टाक. फुशारकी नाही मारून राहिलो मी, पन आज मामाजीले इचार तुह्या. इचार! ह्यानं ऐकलं हाय."

पायलनं चहाच्या कपात पाहिलं. कपात काही नव्हतं. सत्यभामावहिनीनं पदर नीट केला, नीट होता तरी. ती बत्तीस वर्षं पहिल्या ओळीत बसून टाळ्या वाजवत आली होती. तिनं एकदाच धर्मपालकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात नाही म्हणू नका असंही होतं आणि म्हणून टाका एकदाचं असंही होतं.

"काहून गप झाले सारे?" किसनराव म्हणाला. "धर्म्या, बोल ना. अन् हळू लाव, झोंबून राहिलं."

धर्मपालनं हळदीचं बोट थांबवलं. कान मात्र सोडला नाही. लहानपणी शाळेत मास्तरांनी दोघांना कान धरून उभं केलं की ते एकमेकांचे धरायचे, तसा तो धरून राहिला.

"किसन," तो म्हणाला, "तुले गाता येत नाही, गड्या. कधीच आलं नाही."